विंडोजमुक्त वाडी

वाडीच्या फाट्यावर एका खांबाला दोन पाट्या आहेत. वरची ग्रामपंचायतीची, 'हागणदारीमुक्त गाव'. तिच्याखाली तारेने बांधलेली, थोडी लहान पण जास्त सुबक अक्षरांची, 'विंडोजमुक्त वाडी'. वरची पाटी कितपत खरी हे ज्याचं त्याला ठाऊक. खालची खोटी आहे हे मात्र दोनच माणसांना ठाऊक होतं. एक हर्षद शिवगण, ज्याने ती रंगवली. दुसरी त्याची बायको तेजस्वी, जिने ब्रश आणून दिला आणि रंगवून होईपर्यंत एक शब्द काढला नाही.

हर्षद पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरबसल्या प्रोग्राम लिहितो. वय शेहेचाळीस. हातखंब्याच्या तिठ्यापासून तीन किलोमीटर आत, काजूच्या दोन झाडांमध्ये त्याचं घर आहे आणि त्या घरात त्याची मतं राहतात. जो प्रोग्राम उघडून आत बघता येत नाही तो वापरणं म्हणजे झाकण न काढता कालवण जेवणं, हे त्याचं पहिलं मत. दुसरं मत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल. विंडोज म्हणजे भाड्याची खोली, मालक म्हणेल तेव्हा भांडी हलवायची. लिनक्स म्हणजे स्वतःचं घर. स्वतःच्या घराचं कौल फुटलं की स्वतःलाच वर चढावं लागतं, हेही तो सांगायचा, फक्त जरा हळू आवाजात. तिसरं मत गेमिंगबद्दल. शहरातल्या वाचनालयात भाषण करताना त्याने सांगितलं होतं की शहाणीसुरती माणसं लिनक्सवर येत नाहीत ती केवळ खेळापायी. गेम म्हणजे गळाला लावलेली कोळंबी. हे सांगताना त्याचा आवाज असा काही चढला की अध्यक्षांनी पाणी पुढे केलं. आपल्याला आतून माहीत असलेल्या गोष्टीवर माणूस असाच चिडतो.

कारण हर्षदच्या टेबलाखालच्या संगणकात एक कोपरा राखून ठेवलेला होता. त्याचं नाव त्याने 'जुने फोटो' ठेवलं होतं. त्यात एकही फोटो नव्हता. त्यात विंडोज होतं, रीतसर विकत घेतलेलं, आणि त्या विंडोजवर युरोपभर ट्रक चालवण्याचा एक खेळ होता. कंपनीचं काम दुपारी संपलं आणि तेजस्वी शाळेच्या कचेरीत असली की हर्षद खरंखुरं स्टिअरिंग टेबलाला आवळायचा, पायाखाली क्लच-ब्रेक घ्यायचा आणि ऑस्ट्रियातून जर्मनीत माल न्यायचा. खिडकीबाहेर हायवेवरून खरे ट्रक जात, त्यांच्या आवाजाचा त्याला त्रास व्हायचा. खेळ तसा लिनक्सवरही चालला असता, पण ते स्टिअरिंग लिनक्सला ओळख देत नव्हतं. ओळख करून देणारा प्रोग्राम आपण स्वतःच लिहायचा आणि तोवर तात्पुरतं विंडोज ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याला चार वर्षं झाली.

एवढं सोडलं तर वाडीत अकरा संगणक आणि अकराही त्याने मुक्त केले होते. आत्मारामतात्यांचासुद्धा. तात्या पालखीचे मानकरी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते संगणकावर फक्त पत्त्यांचा डाव लावत. "सगळा बरा हाय रे," ते म्हणाले होते, "पण राणीचा तोंड बदलला. परकी वाटते."

अकरावा संगणक श्रद्धावहिनींचा.

श्रद्धा म्हणजे हर्षदच्या चुलतभावाची, स्वरूपची बायको. स्वरूप जहाजावर असतो, वर्षाचे आठ महिने समुद्रात. वहिनींनी पडवीत एम्ब्रॉयडरीचं मशीन टाकलं आहे. मशीन जुनं, कुणाच्या तरी कारखान्यातून आलेलं. पेन ड्राइव्ह वगैरे त्याला समजत नाही. संगणकात मशीनचा स्वतःचा प्रोग्राम असतो, पेन ड्राइव्हसारखीच एक किल्ली संगणकाला खोचायची, मग तो प्रोग्राम केबलमधून मशीनला नक्षी पाठवतो. यंदा शिमग्याला पालखी नाचवणाऱ्यांसाठी साठ शर्टांचं काम वहिनींकडे आलं होतं. पाठीवर कमानीसारखं 'श्री नवलाई देवी' आणि खाली छोटी पालखी. मुंबईचे चाकरमानी यायच्या आधी साठही तयार हवे होते.

होळीला बारा दिवस असताना हर्षद त्यांच्या पडवीत शिरला. संगणक फार हळू चालतो अशी वहिनींनी सहज तक्रार केली होती. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, धूळ झाडेल.

"वहिनी, यावरचं विंडोज कुठून आलं?"

"दुकानातून. बाजारात तो पोरगा बसतो ना, त्याने टाकून दिलं."

"म्हणजे चोरीचं."

"चोरीचं कसं, भावोजी? चांगला चहा पाजलान मला."

"चहा त्याचा होता. विंडोज त्याचं नव्हतं."

वहिनी गोंधळल्या. इथे थांबायला हवं होतं. पण अकरापैकी दहा झाले होते आणि पाटीचा रंग वाळत होता. हर्षदच्या तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं.

"देवीचं नाव तुम्ही चोरीच्या वस्तूवर काढणार?"

वहिनींचा हात माउसवरून असा उचलला गेला, जसा तापल्या तव्यावरून उचलावा. "काढा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढा."

हर्षद अगदीच मूर्ख नव्हता. नक्षीच्या सगळ्या फायली त्याने आधी जपून ठेवल्या. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची एक युक्ती असते, तीही केली. मशीनचा प्रोग्राम उघडला, पडद्यावर 'श्री नवलाई देवी' झळकलं. फक्त ती किल्ली ओळखली जाईना, आणि किल्लीशिवाय प्रोग्राम मशीनशी बोलेना. देवी पडद्यावरच राहिली.

"दुकानातल्या पोराकडे जाऊन पुन्हा टाकून आणू का?" वहिनींनी विचारलं, आणि स्वतःच जीभ चावली. "नको. चोरीचं नको. तुम्ही म्हणालात ते मनात बसलं माझ्या." विकतचं नवं विंडोज त्या जुन्या संगणकाला पेलणारं नव्हतं.

"चार दिवस द्या," हर्षद म्हणाला. "मशीनशी बोलणारा प्रोग्राम मीच लिहितो. मुक्त. जगात कोणालाही वापरता येईल असा."

पडवीत ब्लाउज शिवायला आलेली शेजारची मैना होती. तिने पदर तोंडाला लावला. भावोजी मशीनशी बोलणार होते.

पहिल्या दिवशी हर्षदने प्रोग्रामचं नाव ठरवलं, 'सुई'. दुसरा दिवस परवान्यात गेला. आपला प्रोग्राम जगाने कोणत्या अटींवर फुकट वापरावा यावर त्याने बरंच वाचलं. तिसऱ्या दिवशी बोधचिन्ह काढलं आणि 'सहभागाचे स्वागत आहे' असं लिहून सगळं इंटरनेटवर ठेवलं. संध्याकाळी ब्राझीलमधल्या कुणीतरी 'सुई'ला पसंतीचा तारा दिला. आतापर्यंत प्रोग्रामची एकही ओळ लिहिलेली नव्हती, पण ब्राझीलला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी मात्र त्याने खरंच काम सुरू केलं. मशीनची भाषा शिकायची तर आधी प्रोग्राम आणि मशीन यांचं बोलणं चोरून ऐकायला हवं. ते बोलणार विंडोजवर. म्हणजे 'जुने फोटो' उघडणं भाग होतं, कामासाठी. त्याने उघडलं. समोर हॅम्बुर्गला न्यायचा माल तीन दिवस वाट बघत उभा होता.

मालाची वाट बघणं हर्षदला सहन होत नाही. त्या खेळात त्याने आजवर एकही खेप उशिरा पोचवलेली नव्हती.

आणि एक गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी सुचली होती, हे इथे सांगायला हवं. आपला टेबलाखालचा संगणकाचा डबा उचलायचा, वहिनींच्या पडवीत न्यायचा, विंडोज सुरू करून मशीनचा प्रोग्राम त्यात बसवायचा, किल्ली खोचायची. दहा मिनिटांचं काम. पण सुचणं आणि करणं यांच्या मध्ये फाट्यावरची पाटी उभी होती.

आठव्या दिवशी दुपारी तो आल्प्सचा घाट उतरत असताना दारात हाक आली.

"भावोजी!"

त्याने संगणकाचा पडदा बंद केला, स्टिअरिंगवर टॉवेल टाकला. स्पीकर राहिला. श्रद्धावहिनी आत आल्या तेव्हा खोलीत चाळीस टनी ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होता.

"कसला हो आवाज?"

"पंखा. संगणकाचा पंखा."

"बाई बाई. केवढा ताण येतोय त्याला." त्यांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. "ओल्या काजूगरांची उसळ आहे. तुम्ही जेवणखाण विसरून बसलात म्हणून मैना सांगत होती."

डबा ठेवताना त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला बांधलेली चिंधी त्याला दिसली. चिंधीवर तांबूस डाग होता.

"हे काय?"

"काही नाही. सुई घुसली. हाताने भरायची सवय गेली ना."

"हाताने?"

"मग काय करणार? चौदा झाले. मी आणि मैना बसतो सकाळपासून. साखळी टाका घालतो, मशीनची सर नाही, पण देवी चालवून घेईल." त्या हसल्या. "तुमचं व्हायचं तेव्हा होऊ दे. आमच्यापायी डोळे फोडून घेऊ नका. एक तर मी तुमच्या डोक्याला हा ताप दिला."

पंखा गुरगुरतच होता. त्या निघाल्या, दारात थांबल्या, त्याच्याकडे कणवेने बघितलं आणि गेल्या. हर्षदने पडदा पुन्हा सुरू केला. ट्रक दरीत कडेला पडला होता. खेळाने त्याला बेजबाबदार चालक ठरवलं होतं. इतक्या स्पष्टपणे त्याला त्या आठवड्यात कोणीच काही बोललं नव्हतं.

तेजस्वी साडेपाचला आली तेव्हा डबा तसाच होता.

"वहिनींनी उसळ दिली?"

"हो."

"कशाबद्दल?"

हर्षदने डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"आणि तू खाल्ली नाहीस."

"उतरेना घशाखाली."

"मग मी खाते. मी काही केलेलं नाही." ती वाटी घेऊन बसली. काजूगर चावता चावता तिने विचारलं, "हॅम्बुर्ग गाठलंस का?"

"तेजू, तिने चौदा शर्ट हाताने भरलेत."

"मला ठाऊक आहे. मी काल दोन पालख्या भरून आले. तू मिलानोच्या आसपास असशील तेव्हा." तिने वाटी ठेवली. "हर्षद, तुझी तत्त्वं चांगली आहेत. मी लग्न केलं तेव्हाही होती. पण तत्त्व तुझं आणि बोट वहिनींचं, हे कुठल्या परवान्यात बसतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेबलाखालचा डबा चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पायाशी ठेवला आणि वहिनींकडे नेला. वाटेत तिघांनी विचारलं, काय नेतोस. "सुई," तो म्हणाला.

खरं सांगायची हीच वेळ होती. वाक्यही त्याने पाठ केलं होतं. पण पडवीत मैना, आणखी दोन बायका आणि चौदा शर्टांची घडी, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. त्याने पडदा भिंतीकडे फिरवून विंडोज सुरू केलं, मशीनचा प्रोग्राम बसवला, तो पडदाभर पसरवला आणि मग सगळ्यांकडे वळवला.

"झालं," तो म्हणाला. "सध्या माझ्याच संगणकावर चालतं. तुमच्यावर नंतर बसवू."

वहिनी पुढे वाकल्या. "हे तर आपलं आधीचंच दिसतंय."

"मुद्दाम तसंच केलंय," हर्षदच्या तोंडून आलं. "तुमच्या सवयीचं."

"किती बारीक विचार केलात, भावोजी," वहिनी म्हणाल्या.

मशीन चालू झालं. सुई खडखडत 'श्री' उठवू लागली. वहिनींनी आधी मशीनला हात जोडले, मग हर्षदला. त्याने मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. घड्याळात त्याने बघितलं होतं. नऊ मिनिटं लागली होती.

दोन दिवस तो त्या डब्याजवळ बसून राहिला, कोणी चुकून भलतंच बटण दाबू नये म्हणून. शेहेचाळीस शर्ट झाले. वाडीत बातमी पसरली की हर्षदने एकट्याने मशीनचा मेंदू लिहिला. मुंबईहून आलेल्या दोघांनी त्याच्यासोबत फोटो काढले. होळीच्या आदल्या संध्याकाळी वहिनी एक शर्ट घेऊन आल्या, वेगळ्या कागदात गुंडाळलेला.

"हा तुमचा. हातचा आहे, त्या चौदांतला सगळ्यात बरा. मशीनचे काय, कोणीही घालेल."

टाके बारीक, सारखे. 'वी'च्या वेलांटीपाशी दोऱ्याचा रंग जरासा वेगळा वाटत होता. तिथेच सुई घुसली असणार, असं हर्षदला वाटलं. त्याने विचारलं नाही.

पालखी त्याच्या अंगणात आली ती टळटळीत दुपारी. ढोल थांबले, पालखी पाटावर टेकली, तेजस्वीने ओटी भरली. साठ शर्ट अंगणात उभे होते, त्यातला एक हर्षदच्या अंगावर. आत्मारामतात्यांनी नारळ हातात घेतला आणि घराच्या वतीने गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे आई नवलाय, आज तुझी लेकरं तुझ्या नावाचा कपडा घालून उभी हायत."

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

"या लेकरान, या हर्षदान, तहानभूक विसरून, आपल्या हुशारीन तुझा काम येळेवर पुरा केलान."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज वहिनींचा होता. त्या तुळशीपाशी उभ्या होत्या, चिंधी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरून.

"त्याचा हात असाच चालता ठेव, त्याच्या बुद्धीला..."

"नाय," हर्षद म्हणाला.

ढोलावर रेललेला माणूस सरळ झाला. तात्यांनी नारळ खाली घेतला. "गाऱ्हाण्यात मधी बोलत नाय कोण."

"तात्या, मी काही लिहिलेलं नाही. माझ्याकडे विंडोज आहे."

तात्यांनी विचार केला. "कोणाचा चोरलास?"

"चोरलं नाही. विकत घेतलंय. पावती आहे."

"मग आईला कनाला सांगतोस? पावती असली की झाला. आमच्यातला काढलास, तुझ्यातला काढायचा ऱ्हायला, एवढाच ना?"

"राहिलं नाही. ठेवलं होतं. चार वर्षं."

"कशासाठी?"

"ट्रक चालवायला."

दोन-तीन जणांनी माना वळवून हायवेकडे बघितलं. कोणाला काहीच कळत नव्हतं. गुन्हा कबूल करून मोकळं व्हावं तर गुन्हा समजणारं माणूस लागतं, आणि वाडीत ते नव्हतं. हर्षदला क्षणभर वाटलं, सुटलो. तेवढ्यात तुळशीपाशी हालचाल झाली.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माझं काम पहिल्याच दिवशी झालं असतं?"

"हो."

"किती वेळात?"

"दहा मिनिटं."

वहिनींनी बोटाकडे बघितलं. "चौदा शर्ट," त्या म्हणाल्या, कोणाला म्हणून नाही. त्यावर कोणी व्हय म्हाराजा म्हणालं नाही.

तात्या जुने कंडक्टर. गाडी मध्येच थांबवून ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नारळ पुन्हा वर केला. "हे आई, लेकरू चुकला. काय चुकला ता तुला कळला असंल, आमाला नाय कळला. तुझ्यासमोर बोलला हाय, पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" अंगण पुन्हा गरजलं. हर्षद त्या गर्जनेत एकच आवाज शोधत होता. तो त्यात नव्हता. पालखी उठली, ढोल वाजू लागले, आणि खांदा द्यायची त्याची पाळी आली तेव्हा पाठीवरचा तो हातचा शर्ट घामाने चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या पाटीखाली कोणीतरी वीटकरी रंगाने लिहिलं होतं, 'एक घर सोडून'. अक्षर तेजस्वीचं नाही, असं तेजस्वी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. उसळ नव्हती.

"तेजस्वी म्हणत होती ते ट्रकचं चाक कुठे आहे?"

हर्षदने टॉवेल काढून स्टिअरिंग पुढे केलं. वहिनींनी ते काखेत मारलं. "तुमचा डबा माझ्याकडे आहे तो तिथेच राहील. माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत. पावती तेवढी आणून द्या, मला चोरीचं नको. आणि तुम्ही तो प्रोग्राम लिहा. खराखुरा. झाला की डबा आणि चाक घेऊन जा."

"वहिनी, मला फार वाईट..."

"ते असू दे. लिहा."

अशा रीतीने हर्षदचं घर खरोखरच विंडोजमुक्त झालं आणि वहिनींचं नाही. पाटी आता अक्षरशः खरी आहे, फक्त सोडलेलं घर बदललं. स्टिअरिंग पडवीत मशीनच्या वरच्या खिळ्याला लटकतं आणि त्याच्यावर वहिनी मापाची टेप टांगतात. हर्षद कंपनीचं काम संपवून लॅपटॉप घेऊन रोज दुपारी तिथे जातो. डब्यातला मूळ प्रोग्राम मशीनशी जे बोलतो ते ऐकतो, वहीत उतरवतो, लॅपटॉपवर तसंच बोलून बघतो. मशीन ढिम्म. वहिनी त्याला भावोजी म्हणतात, चहाही देतात, पण कप ठेवताना काही बोलत नाहीत. चहा पूर्वीपेक्षा चांगला लागतो आणि त्यामुळे जास्तच उतरत नाही.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी त्याने एक ओळ बदलली, बटण दाबलं आणि सुई खाली गेली. वर आली. थांबली.

"वहिनी!" तो ओरडला. "आली! मुक्त! किल्ली नाही, विंडोज नाही!"

वहिनी हात पुसत आल्या. त्यांनी चौकटीतून कापड काढलं आणि उजेडात धरलं. मधोमध एक टाका होता, जरासा तिरपा.

"एकच?"

"पहिला आहे."

"चौदा शर्टांत मिळून किती टाके होते, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मशीनचे किती झाले असते ते हर्षदला अचूक ठाऊक होतं, फायलीत आकडा असतो. तो सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

वहिनींनी कापड पुन्हा चौकटीत ताणून बसवलं, दोरा तपासला आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

"हं," त्या म्हणाल्या. "दुसरा पाडा."